हिरवी रेघ

आबांनी बॅटरी तिच्या पोटाखालून धरली
आणि पाठीतली रेघ दिसली:
डोक्यापासून शेपटीपर्यंत, जाड,
कच्च्या कैरीच्या सालीसारखी हिरवी.
"भरलली आसा," म्हणाले,
आणि होडीतलं बाकी सगळं म्हावरं
एकदम किरकोळ झालं.

मेली तर वाघीण आमची.
जिती राहिली तर हॅचरीची.
जित्या एका मादीचे पैसे म्हणजे
पाटीभर सोलटांचे.
म्हणून निळा ड्रम, त्यात समुद्राचंच पाणी, हवेची नळी,
आणि मी भावाच्या मागे स्कूटरवर
ड्रम मिठीत धरून.
आचऱ्याच्या रस्त्याला खड्डा आला की
ती आतून धडक द्यायची,
नेमकी माझ्या बरगडीवर.

एक वाटेतच मेली होती, मागच्या माघात.
आईने कैरी घातली, नारळाचं वाटप घातलं.
शिजल्यावर हिरवी रेघ भगवी झाली.
डोकं आबांनी माझ्या ताटात टाकलं,
चोखायचं असतं ते तिथेच.
डोळे दोन्ही होते. तेव्हा मी पाहिलेही नव्हते नीट.

हॅचरीत मी चार वर्षं.
खारटपणा मोजते, टाक्या घासते,
त्यांच्यासाठी माकुल चिरते बारीक
(आमच्याकडे माकुल पाहुणा आला तरच).
पहिल्या खेपेला त्या आपणहून घालतात,
मध्यरात्रीनंतर, दिवे बंद असताना.
सकाळी पाण्यावर गुलाबीसर फेस,
आणि खाली लाखो काहीतरी.
दुसऱ्या खेपेला नाही घालत.
दर्यात घालतील. टाकीत नाही.

मग नेल्लोरचा श्रीनू येतो, चिमटा तापवून.
डोळ्याच्या देठात म्हणे काहीतरी असतं
जे तिला सांगत राहतं, थांब, अजून नको.
ते 'थांब' जाळायचं.
"एक ही, ताई. दोनों नहीं,"
त्याने मला शिकवलं, ओल्या फडक्यात ती कशी धरायची,
शेपटीचा फटका कसा चुकवायचा.
वास येतो. कोळंबी भाजल्याचाच येतो,
दुसरा कसला येणार.
तीन-चार दिवसांत पाठीत रेघ उमटते.
त्याच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो, हार्मोन.
कणकवलीच्या डॉक्टरणीने
माझ्याही चिठ्ठीवर तोच लिहिलाय.
ती चिठ्ठी पर्समध्ये आहे, बसच्या तिकिटांत.

पिल्लं पापणीच्या केसाएवढी.
फुगवलेल्या पिशव्यांतून खाजणातल्या तळ्यांवर जातात.
तिथे रात्रभर चाकं पाणी बडवतात,
आणि चार महिन्यांनी हिशेब होतो काउंटवर:
किलोत तीस, किलोत चाळीस.
मोठी परदेशात, बर्फाच्या लादीत.
मऊ सालीची आमच्या बाजारात.
पांढरे ठिपके आले तर कुणाचीच नाही,
चुना मारून तळं बंद.

श्रावणातल्या उधाणाला खवळ्यांचा बांध फुटला.
दुसऱ्या दिवशी आबांच्या पागात
पट्टेवाल्या सतरा.
आबांनी एक हातावर घेतली, वळवली,
पाठ बघितली, रिकामी.
"ही आपली न्हय," म्हणाले. "हिका खाडी खय ठाऊक."
पण रात्री जेवले. दोनदा रस्सा घेतला.
मातीचा वास येतो म्हणाले, वाडगा पुसताना.

आता माझी रात्रपाळी.
जनरेटर थांबला की भरतीचा आवाज
भिंतीपलीकडून येतो.
टाकीतल्या त्या सगळ्या एकाच कोपऱ्यात जमतात,
भिंतीच्या त्या बाजूला.
मी बॅटरी मारते. त्यांचे डोळे पेटतात,
चुलीतल्या निखाऱ्यांसारखे. मी मोजते.
अकरा माद्या. पंधरा निखारे.
म्हणजे चौघींचं अजून व्हायचंय.

श्रीनू गावाला गेलाय, बहिणीच्या लग्नाला.
चिमटा माझ्या खणात आहे.